‘पिक अप’चे अर्थ कसे ओळखायचे: पुण्यात नव्याने इंग्रजी वापरू लागलेल्यांसाठी

हिंजवडीत किंवा मगरपट्ट्यात नोकरी लागली की पहिल्या दिवसापासून ‘पिक अप’ कानावर पडायला लागतं. सकाळी कॅबचा पिकअप किती वाजता ते कळवलेलं असतं. दहाच्या मीटिंगमध्ये कोणीतरी विचारतं, ‘हू विल पिक धिस अप?’ दुपारी क्लायंट सांगतो, की तुमचा माइक पंख्याचा आवाज ‘पिक अप’ करतोय. संध्याकाळी बातमीत वाचावं, तर पावसाचा जोर उद्यापासून ‘पिक अप’ होणार असतो. शाळेत मात्र या शब्दांचा एकच अर्थ सांगितलेला असतो, उचलणे.

लातूर, नांदेड, सोलापूर, जळगावहून मराठी माध्यमात शिकून आलेल्या मुलामुलींचं व्याकरण बरेचदा पक्कं असतं. काळ चुकत नाहीत, स्पेलिंग चुकत नाही. अडतं ते क्रियापदाला ‘अप’, ‘ऑफ’, ‘आउट’ असा शेपटाचा शब्द लागला की. शब्दकोश उघडला तर ‘पिक अप’चे अर्थ पानभर निघतात आणि ते पाठ करायला बसलं तर आठवड्याभरात विसरतात. म्हणून अर्थ पाठ करू नका. वाक्य ऐकताना अर्थ कसा हेरायचा ते शिका. हे जमलं की हीच रीत ‘टेक ऑफ’, ‘सेट अप’, ‘गो ऑफ’ यांनाही लावता येते.

पायरी १: आधी कर्म शोधा

शाळेतलं कर्ता, कर्म, क्रियापद इथे खरंच कामाला येतं. ‘पिक अप’ ऐकलं की मनात विचारा, काय पिक अप केलं? उत्तर मिळतंय की नाही, यावर अर्धा अर्थ ठरतो.

उत्तर मिळत नसेल, म्हणजे कर्मच नसेल, तर कर्त्याकडे बघा. कर्ता माणूस असेल तर बहुतेक वेळा फोनची गोष्ट चाललेली असते. ‘आय कॉल्ड ट्वाइस, ही डिडन्ट पिक अप’, दोनदा फोन केला, त्याने उचलला नाही. कर्ता धंदा, विक्री, वारा, पाऊस, रहदारी असा असेल तर अर्थ वाढणे, जोर धरणे किंवा सुधारणे. ‘बिझनेस पिक्स अप बिफोर दिवाळी’, दिवाळीआधी धंदा तेजीत येतो. वेधशाळेच्या इंग्रजी अंदाजात ‘रेनफॉल ॲक्टिव्हिटी इज लाइकली टू पिक अप’ असं असलं, तर पावसाचा जोर वाढेल एवढंच समजायचं. हा अर्थ मंदावलेलं काही पुन्हा गती घेतं तेव्हाचा आहे, त्यामुळे वाढणाऱ्या प्रत्येक गोष्टीला तो लागत नाही. ताप वाढला तर ‘द फीवर वेंट अप’ म्हणायचं. ‘द फीवर पिक्ड अप’ कोणी म्हणत नाही.

कर्म असेल तर ते कोणत्या जातीचं आहे ते पाहा.

हातात मावणारी वस्तू असेल तर अर्थ दोन. एक साधं उचलणं: ‘पिक अप द बॅग’. दुसरा, जाता जाता घेऊन येणं: ‘पिक अप सम बाकरवडी ऑन युअर वे’, येताना बाकरवडी घेऊन ये. या दुसऱ्या अर्थात वाट वाकडी न करता, सहज घेतलेली वस्तू अपेक्षित असते. दूध, औषध, इस्त्रीचे कपडे, कुरिअरचं पार्सल हे पिक अप होतं. कोथरूडचा फ्लॅट ‘बाय’ होतो.

माणूस असेल तर त्याला न्यायला किंवा आणायला जाणं. ‘आय’ल पिक यू अप ॲट स्वारगेट’, मी तुला स्वारगेटला घ्यायला येईन. यात बहुधा वाहन गृहीत असतं. नुसतं स्टेशनवर जाऊन भेटणार असाल, तर ‘आय’ल मीट यू ॲट द स्टेशन’. आपल्याकडे सर्रास म्हणतात ते ‘आय विल कम टू रिसीव्ह यू’ परदेशी कानाला खटकतं, टाळलेलं बरं. सोडण्यासाठी ‘ड्रॉप ऑफ’ म्हणा: ‘ड्रॉप मी ऑफ ॲट वाकड’.

कर्म माणूसच, पण कर्ता पोलीस असेल, तर पोलिसांनी उचललं. मराठीत म्हणतो तसंच.

कर्म डोळ्याला न दिसणारं असेल, तेव्हा मामला सर्वात रंगतो. भाषा, कौशल्य, लकब असेल तर कोणी न शिकवता आपोआप यायला लागणं: ‘शी पिक्ड अप मराठी फ्रॉम हर नेबर्स’, शेजाऱ्यांत राहून ती मराठी शिकली. क्लास लावून, परीक्षा देऊन शिकलं ते ‘लर्न’. आजार असेल तर लागण होणं: ‘आय पिक्ड अप अ कोल्ड’. हे संसर्गाच्या आजारांनाच चालतं. सर्दी, पोटाचा जंतू, ताप देणारा विषाणू हे पिक अप होतात. मधुमेह आणि रक्तदाब होत नाहीत, त्यांना ‘डेव्हलप’ म्हणतात. सवय असेल तर जडणं, आणि वेग असेल तर घेणं: ‘द ट्रेन पिक्ड अप स्पीड आफ्टर लोणावळा’.

कर्ता यंत्र आणि कर्म आवाज, संदेश किंवा चूक असेल, तर अर्थ टिपणं. पुण्याच्या उत्तरेला, नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या तिथे दूरच्या दीर्घिकांमधून येणाऱ्या अतिशय क्षीण रेडिओ लहरी टिपतात. इंग्रजी बातमीत त्यासाठी ‘पिक अप सिग्नल्स’च येतं. तुमच्या माइकने पंख्याची घरघर टिपली, तरी क्रियापद तेच.

पायरी २: ‘उचलणे’ किती अंतर साथ देतं ते मापून ठेवा

मराठी माणसाला इथे एक आयता फायदा आहे आणि तो वर्गात फारसा कोणी सांगत नाही. आपलं ‘उचलणे’ सुद्धा मोठं पसरट क्रियापद आहे. फोन उचलतो, पोलीस उचलतात, पोरगं शिकवलेलं पटकन उचलतं, कंपनी प्रवासाचा खर्च उचलते. या चारही ठिकाणी इंग्रजीत ‘पिक अप’ बिनधास्त वापरा. शेवटच्याचं उदाहरण: ‘द कंपनी विल पिक अप द कॉस्ट’. हॉटेलात सगळ्यांचं बिल एकाने भरलं, तर ‘शी पिक्ड अप द बिल’. दुसऱ्यांच्या वाटचं भरलं, हा भाव त्यात हवा. स्वतःच्या घरचं विजेचं बिल ‘पे’ करायचं.

पण पुढे ही साथ सुटते, आणि ती कुठे सुटते ते नेमकं ठाऊक हवं. खालच्या वाक्प्रचारांत मराठीत ‘उचलणे’ आहे, इंग्रजीत मात्र ‘पिक अप’ चालत नाही:

पाऊल उचलणे: ‘टेक अ स्टेप’.
जबाबदारी उचलणे: ‘टेक ऑन द रिस्पॉन्सिबिलिटी’.
वर्गात हात वर उचलणे: ‘रेझ युअर हँड’.
कोणावर हात उचलणे: ‘हिट समवन’.
पगारातून उचल घेणे: ‘टेक ॲन ॲडव्हान्स’.
दुसऱ्याची चाल किंवा मजकूर उचलणे: ‘कॉपी’ किंवा ‘लिफ्ट’.
विडा उचलणे: याला जवळचं ‘टेक अप द चॅलेंज’. क्रियापद वेगळं आहे, नीट बघा.

उलट बाजूलाही खड्डे आहेत. न्यायला येणं, सर्दी लागणं, सवय जडणं, पावसाने जोर धरणं, अर्धवट राहिलेलं पुढे चालू करणं, यांत मराठीला ‘उचलणे’ सुचणारच नाही. म्हणून हे अर्थ वेगळे, जाणूनबुजून गिरवावे लागतात. वहीचं एक पान मधोमध दुमडा. डावीकडे जुळणारे वापर लिहा, उजवीकडे न जुळणारे. उजवीकडच्या रकान्याला तिप्पट वेळ द्या, चुका तिथेच होतात.

आणखी एक जागा. आपण म्हणतो, ‘गाडीला पिकअप नाही.’ गाडी झटकन वेग घेत नाही, हा अर्थ इंग्रजी नामातही आहे, पण तो बोलीतला. परदेशी ग्राहकाशी वाहनाविषयी बोलताना, विशेषतः चाकण-भोसरीच्या कारखान्यांतल्या कामात, ‘ॲक्सेलरेशन’ म्हणा. पिकअप म्हटलं तर समोरच्याच्या डोळ्यांसमोर मागे उघडा हौदा असलेली छोटी मालवाहू गाडी उभी राहण्याची शक्यता जास्त.

पायरी ३: ऑफिसातली चार वाक्यं वेगळी घटवून ठेवा

आयटीतल्या नवख्यांचं सर्वात जास्त नुकसान या चार वाक्यांनी होतं, म्हणून ती सावकाश बघू.

‘कॅन यू पिक धिस अप?’ याचा अर्थ हे काम तू अंगावर घे आणि पूर्ण कर. यात उचलून बघ, वाचून ठेव असा भाव नाही. ‘शुअर’ म्हटलं की ते काम तुमच्या नावावर लागलं. हातात आधीच दोन कामं असतील तर तिथेच सांगा: ‘आय कॅन पिक इट अप आफ्टर आय फिनिश द करंट टास्क, प्रॉबेब्ली ऑन थर्सडे’. होकार आहे आणि तारीखही आहे. ‘यस, यस’ म्हणून गप्प बसलेल्या माणसाला दोन दिवसांनी प्रगती विचारतात आणि मग दोघांचीही पंचाईत होते.

‘कॅन वुई पिक धिस अप टुमॉरो?’ शब्द जवळजवळ तेच, पण अर्थ पार निराळा. इथे काम कोणालाच दिलेलं नाही. आज चर्चा इथे थांबवू आणि उद्या इथूनच पुढे चालू करू, एवढंच. दोन खुणा लक्षात ठेवा. कर्ता ‘यू’च्या जागी ‘वुई’ आहे आणि मागे वेळ जोडलेली आहे. ‘लेट्स पिक अप व्हेअर वुई लेफ्ट ऑफ’ हे याचंच भावंड, काल जिथे थांबलो तिथून पुढे. या वाक्याला उत्तर म्हणून ‘ओके, आय विल डू इट’ म्हटलं, तर तुम्ही काय करणार आहात असा प्रश्न समोरच्याला पडतो. ‘शुअर, सेम टाइम?’ पुरेसं आहे.

‘द सर्व्हर हॅजन्ट पिक्ड अप द चेंजेस.’ तुम्ही सेटिंग बदललं, सेव्ह केलं, पण सर्व्हर अजून जुन्यावरच चालतोय. बदल त्याने घेतलेलेच नाहीत. तुम्ही बदल केला नाही असा आरोप यात नाही, त्यामुळे ‘आय मेड द चेंजेस’ असं पुन्हा पुन्हा सांगून उपयोग होत नाही. विचारायचा प्रश्न असा: ‘डज इट नीड अ रीस्टार्ट?’

‘युअर माइक इज पिकिंग अप अ लॉट ऑफ नॉइज.’ तुमच्या माइकमधून फार आवाज येतोय. वाक्य सौम्य आहे, अपेक्षा मात्र लगेच म्यूट करण्याची आहे. कर्वे रस्त्यालगतच्या खोलीत राहत असाल तर हे वाक्य रोज ऐकाल.

टेस्टिंगच्या टीममध्ये ‘द टेस्ट पिक्ड अप टू बग्ज’ म्हणजे चाचणीत दोन चुका सापडल्या. हे यंत्राने टिपण्याच्या अर्थातच बसतं, वेगळं शिकायची गरज नाही.

पायरी ४: ‘इट’ नेहमी मधोमध

कर्म नाम असेल तर दोन्ही जागा चालतात: ‘पिक अप द पार्सल’ आणि ‘पिक द पार्सल अप’. कर्म सर्वनाम असेल, म्हणजे इट, देम, हिम, हर, यू, मी, तर ते मध्येच बसतं: ‘पिक इट अप’, ‘पिक देम अप’. ‘पिक अप इट’ चूक. इंग्रजी वाक्याचा भार शेवटी पडतो आणि ‘इट’सारखा हलका शब्द तो भार पेलत नाही. बोलताना जोर ‘अप’वर येतो, म्हणून ‘अप’ शेवटी. याच कारणाने कर्म लांबलचक असेल तर ते मध्ये कोंबू नका, शेवटी टाका: ‘पिक अप द लॅपटॉप यू सेंट फॉर रिपेअर’.

तोंडात बसवायला रोज पाच मिनिटं पुरतात. टेबलावर पेन, वही, किल्ल्या, चष्मा ठेवा. एकेक उचलत मोठ्याने म्हणा, ‘आय’म पिकिंग इट अप’, मग ‘आय पिक्ड इट अप’, अनेक वस्तू असतील तर ‘देम’. आठवड्याभरात ‘पिक अप इट’ आपल्याच कानाला टोचायला लागतं.

‘अप’ गाळण्याची चूकही फार दिसते. ‘प्लीज पिक द फोन’ म्हणजे यातला एक फोन निवड. ‘पिक’ एकट्याने आला तर निवडणं किंवा खुडणं. ‘पिक द फ्लॉवर्स’ म्हटलं तर झाडावरची फुलं तोडायची, ‘पिक अप द फ्लॉवर्स’ म्हटलं तर प्राजक्ताखाली पडलेली वेचायची. फोनसाठी ‘पिक अप’ किंवा ‘आन्सर द कॉल’ म्हणा.

पायरी ५: लिहिताना आणि उच्चारताना

क्रियापद असेल तर दोन शब्द सुटे लिहायचे, नाम असेल तर जोडून किंवा मध्ये छोटी रेघ देऊन. ‘आय विल पिक अप द आयडी कार्ड’ यात सुटे, ‘माय पिकअप इज ॲट सेव्हन’ यात जोडून. ईमेलमध्ये क्रियापद जोडून लिहिण्याची चूक इतकी पसरली आहे, की कंपन्यांच्या सूचनांतही दिसते. तरी ती चूकच. उच्चारातही फरक आहे. नामात जोर ‘पिक’वर, क्रियापदात ‘अप’वर.

भूतकाळाचं रूप ‘पिक्ड’ असं लिहिलं, तरी शेवटी ‘ट’च ऐकू येतो आणि पुढच्या ‘अप’ला चिकटतो: पिक्टप. ‘पिक इट अप’ भरभर म्हटलं की पिकिटप होतं, अमेरिकी तोंडात पिकिडप. कॉलवर हे एकसंध ऐकू आल्यामुळे नवा शब्द वाटतो. एकदा कानाला सवय झाली की ओळखू येतं.

पायरी ६: शब्दकोश कसा उघडायचा

इंग्रजी-मराठी छोट्या कोशात ‘पिक अप’ला दोन-तीन अर्थ मिळतील, तेवढ्यावर भागत नाही. इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी ऑक्सफर्ड, केंब्रिज, लाँगमन यांनी काढलेले कोश वापरा. ते संकेतस्थळांवर फुकट बघता येतात. छापील हवा असेल तर अप्पा बळवंत चौकात चौकशी करा, जुनी आवृत्तीही या कामाला चालते. अशी जोडक्रियापदं सहसा मूळ शब्दाच्या नोंदीच्या शेवटी, वेगळ्या गटात असतात. म्हणून ‘पिक’ उघडा आणि थेट खाली जा. ‘समबडी’ आणि ‘समथिंग’ची लघुरूपं कर्म माणूस आहे की वस्तू ते सांगतात, म्हणजे पहिल्या पायरीचं उत्तर तिथे तयार असतं. ऑक्सफर्डच्या नोंदीत कर्माशेजारी दुतोंडी बाण दिसला, तर कर्म दोन्ही जागी चालतं असं समजा. वहीत अर्थ एकटा उतरवू नका, कर्मासकट उतरवा: ‘पिक अप अ कोल्ड’, ‘पिक अप स्पीड’.

एक इशारा, विशेषतः मुलांसाठी. अनोळखी व्यक्तीशी सलगी करून तिला सोबत नेणं, असाही ‘पिक अप’चा बोलीतला अर्थ आहे. ‘आय पिक्ड अप अ गर्ल ॲट द स्टेशन’ म्हटलं तर ऐकणारा तोच अर्थ घेईल, मग तुम्ही मावसबहिणीला आणायला गेलेले असलात तरी. नातं किंवा नाव सांगा आणि ‘फ्रॉम’ वापरा: ‘आय पिक्ड अप माय कझिन फ्रॉम द स्टेशन’. गैरसमजाला जागा उरत नाही.

‘पिक अप’च्या मागे तिसरा शब्द आला तर तो सोडून अर्थ लावू नका. ‘पिक अप ऑन’ म्हणजे न सांगितलेलं हेरणं किंवा आधीच्या मुद्द्याला धरून बोलणं: ‘आय वुड लाइक टू पिक अप ऑन स्नेहाज पॉइंट’. मीटिंगमध्ये बोलायला सुरुवात करायला हे वाक्य फार उपयोगी आहे. ‘पिक अप आफ्टर’ म्हणजे दुसऱ्याने केलेला पसारा आवरणं. आणि ‘अप’ गळून नुसतं ‘पिक ऑन’ राहिलं, तर एखाद्याला सतत धारेवर धरणं. तक्रार लिहिताना याची गल्लत होऊ देऊ नका.

आता ही सहा वाक्यं मोठ्याने वाचा, प्रत्येकाला पहिल्या पायरीचे प्रश्न विचारा आणि मगच खालची उत्तरं पाहा.

‘ट्रॅफिक पिक्स अप आफ्टर सिक्स.’
‘ही पिक्ड अप द गिटार इन कॉलेज.’
‘द डॉग पिक्ड अप द सेंट.’
‘हू’ज पिकिंग अप द टॅब?’
‘शी पिक्ड मी अप ऑन द वे होम.’
‘शी पिक्ड मी अप ऑन माय स्पेलिंग.’

पहिल्यात कर्म नाही आणि कर्ता रहदारी, म्हणजे सहानंतर रहदारी वाढते. दुसऱ्याचे दोन अर्थ होऊ शकतात, गिटार हातात उचलली किंवा वाजवायला शिकला. ‘इन कॉलेज’ हा लांबचा काळ दुसऱ्याकडे बोट दाखवतो. तिथे ‘फ्रॉम द टेबल’ असतं तर पहिला. तिसऱ्यात कुत्र्याने वास टिपला, यंत्राच्या जागी नाक आहे. चौथ्यात बिल कोण भरणार असं विचारलंय. पाचव्यात तिने घरी जाताना मला वाटेत गाडीत घेतलं, इथे ‘ऑन’ हा ‘द वे’चा आहे. सहाव्यात मात्र ‘ऑन’ क्रियापदाचाच भाग आहे. हा ब्रिटिश वापर आहे आणि अर्थ असा, की तिने माझी स्पेलिंगची चूक दाखवून दिली.